सतरा नंबरचा खुंटा

“…मग चूक कुठे होते, एवढंच सांगा.”

तांडेल जाळ्यातली एक आवळलेली गाठ दातांनी सोडवत होते.

मी पुन्हा म्हणालो, “शीड नवीन आहे. पुण्याहून शिवून आणलंय. तळ घासून त्याला मेण लावलंय. भरती-ओहोटीचं कोष्टक माझ्याकडे मिनिटामिनिटाचं आहे. आणि तरी चार वर्षं...”

“चार वर्षं काय?”

“तुम्हाला माहीत आहे काय ते.”

“तुमच्या तोंडून ऐकू दे.”

“चार वर्षं मी शर्यत पुरी केलेली नाही.”

गाठ सुटली. त्यांनी दोरा थुंकून टाकला आणि दुसरी गाठ शोधायला घेतली.

खारशेतची शर्यत तशी साधी आहे. लहान होड्या, एकेक शीड. धक्क्यावरून निघायचं, खाडीच्या तोंडाशी दिव्याचा खडक आहे त्याला वळसा घालायचा आणि परत धक्क्याला लागायचं. वल्हं नाही, नांगर नाही, इंजिन तर नाहीच. जाताना ओहोटी पाठीशी असते. येताना तीच ओहोटी समोरून येते. चारही वर्षं तिने मला खडकाबाहेर नेऊन टाकलं होतं, आणि चारही वर्षं मच्छीमार सोसायटीच्या लाँचने मला दोर बांधून परत आणलं होतं. ओढून आणलेल्या होडीत बसलेल्या माणसाने नजर कुठे ठेवायची, हे मला अजून कळलेलं नाही.

वाहत्या पाण्याचं शास्त्र मी बत्तीस वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवलं होतं. म्हणून ते जास्त लागत होतं.

“यंदाचं शेवटचं वर्ष,” मी म्हणालो. “मार्गशीर्ष संपला की मुलगी मला नागपूरला नेणार आहे. म्हणते, एकटे राहू नका. होडी इथेच कोणाला तरी देऊन टाकायची.”

“नागपूर लांब आहे?”

“समुद्रापासून खूप लांब आहे.”

ते पुन्हा जाळ्यावर वाकले.

“खाडी तर बरोबर नेता येणार नाही, तांडेल. एक पुरी झालेली फेरी न्यावी, एवढंच आहे.”

हे मी बोलायला नको होतं असं लगेच वाटलं. पण बोलून गेलो होतो.

पाच वर्षांपूर्वी, कुमुद गेल्यावर, मी या बंदरावर घर घेतलं आणि मग होडी घेतली. शीड बांधायला तांडेलांनीच शिकवलं. इकडे मोठ्या गलबताच्या मुख्य खलाशाला तांडेल म्हणतात. त्यांनी चाळीस वर्षं गलबत हाकलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, “घरी काय हाक मारतात?”

“आता कोणी मारत नाही.”

“पूर्वी?”

“पूर्वी आई विसू म्हणायची. थोरला भाऊही. दोघं नाहीत आता. पण तुम्ही मला डॉक्टर म्हणा किंवा सर म्हणा, काहीही चालेल.”

ते हसले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या बंदराबरोबर तेही मला मास्तर म्हणू लागले.

मी पिशवीतून नकाशा काढला आणि वाळूवर पसरला. चारी कोपऱ्यांवर शिंपले ठेवले. तो मी स्वतः काढला होता. खाडीत जाळी बांधायला माडाचे खुंटे रोवलेले आहेत, धक्क्यापासून थेट दिव्याच्या खडकापर्यंत. ते सगळे नकाशात होते.

तांडेलांनी एका ठिपक्यावर बोट ठेवलं. “हे काय?”

“खुंटा. सतरा नंबरचा. एकूण त्रेचाळीस आहेत. प्रत्येकापाशी पाण्याचा वेग मोजलाय मी.”

“आणि हा?”

“अठरा.”

“त्याच्या पुढचा?”

“एकोणीस.”

“बरी नावं ठेवलीत,” ते म्हणाले आणि नकाशावरचे शिंपले एकेक करून उचलून बाजूला ठेवले. नकाशा वाऱ्याने गुंडाळला गेला.

मला राग आला होता. पण मागणं माझं होतं.

“यंदा तुम्ही माझ्या होडीत बसा.”

“मी कशाला?”

“बाकीच्यांच्या होडीत दोघं असतात. एक सुकाणूवर, एक शिडाला. मी दर वर्षी एकटा असतो.”

“कोणी येत नाही म्हणून?”

“मी कोणाला विचारलेलं नाही.”

त्यांनी जाळं मांडीवरून खाली ठेवलं. पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

“बसेन. धोंडा म्हणून बसेन.”

“म्हणजे?”

“रिकामी होडी कलंडू नये म्हणून तळाला धोंडे टाकतात, त्यातला एक काढा. त्याच्या जागी मी. धोंडा बोलत नाही. दोर ओढत नाही. धोंड्याला काही विचारायचं नाही. कबूल?”

“कबूल,” मी म्हणालो. मला वाटलं, ते विनोद करताहेत.



शर्यतीच्या सकाळी नऊ होड्या होत्या. जमिनीकडून गार वारा येत होता आणि ओहोटी लागली होती. तांडेल डोलकाठीच्या पायाशी बसले, अंगावरची चादर डोक्यावरून घेतली आणि डोळे मिटले.

कादिर शेजारच्या होडीत होता. नेहमीसारखा ओरडला, “मास्तर, आज ओझं कसलं भरलंत?”

“धोंडा,” मी म्हणालो.

“सांभाळा! तो धोंडा बुडायचा नाही, तुम्हाला बुडवील!”

निघालो. होडी सुरेख चालली होती. मी बोलत होतो... मला एकटं राहून तशी सवय झाली आहे, माणूस समोर आला की बोलत सुटतो. वारा कधी पडेल, पाणी कधी फिरेल, कडेचं पाणी मधल्या पाण्याआधी का फिरतं, सगळं मी त्या चादरीला समजावून सांगितलं. चादर हलली नाही.

दिव्याच्या खडकाला मी सर्वांच्या आधी वळसा घातला.

पाच वर्षांत पहिल्यांदा माझ्यापुढे कोणी नव्हतं. परत फिरलो तेव्हा जमिनीचा वारा क्षीण झाला होता, पण होता. तिरकं तिरकं कापत मी खाडीत बराच आत आलो. एकेक खुंटा मागे पडत होता आणि मी मनात आकडे उलटे मोजत होतो. तीस. पंचवीस. वीस. पंधराव्या खुंट्यापाशी वारा पडला.

ती वेळच तशी असते. जमिनीचा वारा संपलेला आणि समुद्राचा अजून उठायचा. जरा वेळाने पाठीमागून एक बारीक झुळूक आली. शीड भरलं. होडीच्या नाकाशी पाणी खळखळू लागलं.

“बघा,” मी म्हणालो. “बघा कशी चालली आहे!”

मागे वळून पाहिलं तर बाकीच्या होड्या शिडं उतरवत होत्या. ज्याला जो खुंटा जवळचा, त्याला दोर लावत होते. दोर लावण्याआधी प्रत्येक होडीतून एक हाक जात होती.

“पांडुरंगऽऽ!”

“हलीमाऽऽ!”

“भागीरथीऽऽ!”

पाणी असं शांत असलं की हाक फार लांब जाते. किनाऱ्यावरच्या घरांतून कुठून तरी, सुईएवढी बारीक, ओ येत होती. काही हाकांना काहीच येत नव्हतं. हे दर वर्षी चालायचं. मी त्याला शर्यतीतला आरडाओरडा समजत आलो होतो.

“थकले,” मी म्हणालो. “ऐन वेळी थांबले. शर्यतीत कोणी थांबतं का?”

तेव्हा तांडेलांनी चादरीतून हात काढला.

त्यांनी माझी हनुवटी धरली आणि माझं तोंड पाण्यावरून उचलून किनाऱ्याकडे वळवलं. हात मिठाने राठ झालेला होता. चेहऱ्याला दुसऱ्या माणसाचा हात लागून किती वर्षं झाली, हा विचार त्या क्षणी यायला नको होता. पण आला.

हात परत चादरीत गेला.

किनाऱ्यावर दर्ग्याचा पांढरा घुमट होता आणि त्याच्या बराच मागे टेकडीवर एक उंडीचं झाड. मी बघत राहिलो. होडी घराकडे चालली असेल, तर झाड घुमटाआड जायला हवं. ते घुमटाआडून बाहेर येत होतं.

शीड भरलेलं होतं. नाकाशी पाणी खळखळत होतं. आणि आम्ही मागे चाललो होतो.

सापेक्ष गतीचा हा पहिला धडा आहे. दर जूनमध्ये मी तो फळ्यावर काढत असे. मुलं तो उतरवून घेत असत.

“बांधायला हवं,” मी म्हणालो. “तांडेल, बांधायला हवं ना?”



सतरावा खुंटा आमच्या दिशेने येत होता. म्हणजे आम्ही त्याच्या दिशेने वाहत होतो. मी सुकाणू दाबलं, शीड सोडलं, पुढे धावलो आणि दोन्ही हातांनी खुंटा कवटाळला. होडी गर्रकन फिरली आणि ताणून उभी राहिली. दोर माझ्या पायाशी होता.

“ओ मास्तर!” कादिर ओरडला. तो पलीकडच्या खुंट्याला बांधून भाकरी सोडत होता. “हाक मारा आधी! न विचारता बांधताय?”

“कोणाला हाक?”

“ज्याचा खुंटा त्याला! नाव घेऊन मारायची!”

“तो इथे नसला तर?”

“असो, नसो! गेलेला असला तरी मारायची! दुसऱ्याच्या खुंट्याला तसाच दोर लावतात का?”

“हा कोणाचा आहे?”

कादिरच्या जोडीदाराने कपाळावर हात मारून घेतला. दोघं हसू लागले.

“अहो, मालक तुमच्याच होडीत बसलाय!”

मी मान वळवून बघितलं. तांडेलांचे डोळे मिटलेले होते.

“तुमचा खुंटा आहे? मग प्रश्नच मिटला. बांधू ना?”

“धोंड्याला काय विचारता?” चादरीतून आवाज आला.

मी किनाऱ्याकडे तोंड केलं आणि ओरडलो, “तांडेलऽऽ!”

“तांडेल गावात सात आहेत!” कादिर म्हणाला. “सातही येतील पोहत!”

खुंट्यावर कालवांची कवचं चिकटलेली होती. ती तळव्यात घुसत होती. ओहोटी होडीला खेचत होती. मी नाव आठवू लागलो... आणि माझ्या लक्षात आलं की आठवायला काही नव्हतंच. पाच वर्षं मी या माणसाच्या ओट्यावर चहा प्यायलो होतो. त्यांच्या घरचा सुका जवळा खाल्ला होता. त्यांना लाटांची उंची आणि चंद्राचं ओढणं समजावून सांगितलं होतं. त्यांचं नाव मी कधी विचारलं नव्हतं.

तरी बांधता आलं असतं. मला कोण अडवणार होतं? कादिर हसला असता, एवढंच. अडीच तासांनी पाणी फिरलं असतं, समुद्राचा वारा उठला असता, आणि मी सर्वांच्या आधी धक्क्याला लागलो असतो. मुलगी फोनवर म्हणाली असती, वा बाबा.

माझे हात सुटले.

का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. हात थकले असतील. तेवढंच असेल.

सतरावा खुंटा मागे गेला. मी तळवे बघितले. रक्त होतं, फार नाही.

“तुमचं नाव काय?” मी विचारलं.

“खुंटा गेला, मास्तर.”



बाकीचा प्रवास मी सावकाश केला, कारण घाई करायला काही उरलं नव्हतं. अठरा. एकोणीस. वीस. बांधलेल्या होड्यांतली माणसं जेवत होती. ज्यांना मी मागे टाकलं होतं त्यांच्यासमोरून मी आता उलटा वाहत होतो.

“मास्तर, कुठे निघालात?”

“आफ्रिकेला पोचलात की पत्र टाका!”

सव्विसाव्या खुंट्याला निळी चिंधी बांधलेली होती. ती मी ओळखली. तशाच चिंधीने टोपलीवरचं फडकं बांधून एक बाई दर मंगळवारी माझ्या दारात मासळी घेऊन यायची. पायरीवर बसून बांगडे साफ करून द्यायची, पाणी मागून प्यायची, मग जायची. खुंटा तिचाच असणार. माझा जीव एकदम हलका झाला. मी हाताचा कर्णा केला.

“मावशीऽऽ!”

“कोणाची मावशी?” कुठून तरी आवाज आला, आणि तीन होड्या हसल्या.

मला तेवढंच येत होतं. पाच वर्षांतले सगळे मंगळवार, आणि तेवढंच. कुमुद असती तर पहिल्याच मंगळवारी तिला नाव ठाऊक झालं असतं, मुलं किती ते कळलं असतं, धाकटीच्या दम्यावर कसला तरी काढाही सांगून झाला असता. माणसांची खाती सगळी तिच्याकडे होती. मी आतल्या खोलीत बसून पेपर तपासत असे.

निळी चिंधी लहान लहान होत गेली.

एकतीस. बत्तीस. आकडे मला पाठ होते. आता होड्याही नव्हत्या. हाका थांबल्या होत्या. जेवून लोक आडवे झाले असावेत. खाडी एवढी रुंद आहे, हे नकाशा काढताना मला जाणवलं नव्हतं.

किनाऱ्यावर माझं घर दिसत होतं. लाल कौलं, बंद दार. मी सकाळी कुलूप दोनदा ओढून बघितलं होतं. आत चोरण्यासारखं काही नाही.

चाळीस. एकेचाळीस.

“तांडेल,” मी म्हणालो. “तुम्ही मला आधी सांगू शकला असता.”

मी चादरीकडे वळून बसलो.

“नकाशा दाखवला तेव्हा सांगता आलं असतं.”

पाणी होडीला घासून जात होतं.

बेचाळीस गेला.

त्रेचाळिसावा खुंटा दिव्याच्या खडकाच्या अलीकडे आहे. त्याच्यापुढे काही नाही, समुद्र आहे. तो कलला होता. डोकं कुजून त्याची वाटी झाली होती आणि तिच्यावर एक पाणकावळा पंख पसरून बसला होता. त्याला जाळं बांधलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. नकाशात मी त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं.

मी दोर उचलला. मग खाली ठेवला. मग पुन्हा उचलला.

धोंड्याला विचारायचं नव्हतं. पण मी विचारलं.

“हा कोणाचा?”

तांडेलांनी डोळे उघडले. डोक्यावरची चादर मागे सारली. खुंट्याकडे बराच वेळ बघितलं.

“कोणाचा नाही. मालक गेला. मागे कोणी नाही.”

“मग हाक कोणाला मारायची?”

होडी वाहत खुंट्याशी आली. मी हात पुढे केला आणि तो मध्येच थांबला, बोटं आणि लाकूड यांच्यात वीतभर पाणी.

“तांडेल, हाक कोणाला मारू?”

ते उठले. होडी डुलली. एका हाताने त्यांनी डोलकाठी धरली, दुसरा तळवा तोंडाशी नेला आणि किनाऱ्याकडे, लाल कौलांकडे, वळून छातीभर श्वास घेतला.

“विसूऽऽऽ!”

पाणकावळा उडाला. हाक पाण्यावरून घसरत दूर गेली... कुलूप लावलेल्या दारापर्यंत गेली असेल. तिकडून काही आलं नाही. येणार नव्हतंच.

माझ्याच घशातून, मला न विचारता, आवाज निघाला.

“ओ!”

तांडेल खाली बसले. चादर पुन्हा डोक्यावरून घेतली आणि डोळे मिटले.

“बांध दोर,” ते म्हणाले. “मालकानं ओ दिली.”